खणातल्या वस्तूंची नावं मोबाईलला विचारू नका

जुन्या शिलाई मशीनच्या खणात एखादी विचित्र वस्तू सापडली, की आपण तिचा फोटो काढतो आणि मोबाईलला विचारतो, ‘हे काय आहे?’ या सवयीवर माझा राग आहे. बहुतेक घरांत ती वस्तू वापरलेली बाई शेजारच्या खोलीत बसलेली असते. तिला कोणी विचारत नाही.

माझं घर चिखल्याचं. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, मँगनीजच्या खाणीचं गाव. आजीचं पायमशीन सिंगरचं आहे. त्याचा नंबर वाय या अक्षरापासून सुरू होतो, म्हणजे ते दुसऱ्या महायुद्धाआधी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनलं. तो कारखाना १९८० साली बंद पडला, मशीन अजून चालतं.

दोन्ही बाजूंच्या खणांतून निघालेल्या वस्तू अशा: होडीच्या आकाराचा छोटा धोटा, त्यात बसणारी लांबट बॉबिन, काटकोनात वाकवलेली तार, पत्र्याचं गुंडाळलेलं नरसाळं, आणि विंचवासारखी दिसणारी एक लोखंडी वस्तू. तिच्यावर ‘सिमॅन्को’ असं कोरलेलं. सोबत खाणीतल्या हजेरीचा पितळी बिल्ला, आजोबांचा.

मोबाईलने विंचवाला ‘मशीनचा जुना सुटा भाग’ म्हटलं आणि खाली विकत घ्यायच्या लिंक दिल्या. ‘सिमॅन्को’ शोधलं, तर ते सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं आखूड नाव आहे एवढं कळलं. आणखी खणलं तर ‘रफलर’ हा शब्दही मिळाला. माहिती खरी होती, पण तिच्यावर एक चुणीही पडत नाही.

आजीने तो विंचू हातात घेतला, मशीनचा नेहमीचा पाय काढून त्या जागी बसवला, त्याचा दुभागलेला हात सुईच्या स्क्रूवर अडकवला. सुई खाली आली की आतलं पातं कापड पुढे ढकलतं आणि चुणी पडते. वरच्या पट्टीवर १, ६, १२ असे आकडे आहेत: दर टाक्याला चुणी, सहा टाक्यांनी, बारा टाक्यांनी. पोरींच्या फ्रॉकला सहा, उशीच्या झालरीला बारा, असा तिचा हिशेब. कापड जाड असेल तर आधी तुकड्यावर चालवून बघायचं. वाकवलेली तार गोधडीसाठी: आधीच्या शिवणीवर तिचं टोक ठेवलं की पुढची शिवण समांतर जाते. नरसाळ्यातून तिरक्या कापाची पट्टी सोडली, की ती दुमडून कापडाच्या काठाला आपोआप बसते. दहा मिनिटांत सगळं उलगडलं.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या घरी अशी आजी नसते. खरं आहे. तिथे मोबाईल वापरा, मीही वापरते. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. माणूस असताना आधी यंत्राला विचारलं, की माणसाचं ज्ञान ‘आठवणी’ ठरतं आणि यंत्राचं उत्तर ‘माहिती’ ठरतं.

ही उतरंड आजची नाही. त्या पितळी बिल्ल्याकडे बघा. त्यावरच्या नंबरामागे हजेरीपट होता, पगार होता, कंपनी होती: आधी ब्रिटिश कंपनी, १९६२ पासून मॉइल. चिखल्यातून किती मँगनीज निघालं याचे आकडे ठेवले गेले, कारण मँगनीज पोलादाला लागतं आणि पोलादाला भाव असतो. बायकांना मात्र १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखालच्या कामाची बंदी होती. २०१९ मध्ये ती अटींसह सैल झाली. त्या साऱ्या काळात आजीने या मशीनवर किती परकर, किती पिशव्या, शाळेचे किती गणवेश शिवले, त्याचा हजेरीपट कुठेच नाही. तिच्या कामाची नोंद म्हणजे हा खण.

आणि खणावरच घाला आहे. जुनं सामान घेणारा एक जण आमच्याकडे आला होता. त्याला फक्त लोखंडी पाय हवे होते, वर काच ठेवून हॉटेलचं टेबल करायला. खणातल्या वस्तूंना तो ‘भंगार, तसंच देऊन टाका’ म्हणाला. बिल्ल्याचे मात्र वेगळे पैसे द्यायला तयार होता. चहा पिताना पायाखाली ते नक्षीदार पायडल दिसावं, पण ते दाबणाऱ्या बाईला काय येत होतं ते कळू नये, असा हा ‘व्हिंटेज’चा शौक आहे.

सरकारलाही मशीन दिसतं, हात दिसत नाही. शिलाई मशीन वाटपाचे फोटो दरवर्षी छापून येतात. विश्वकर्मा योजनेत शिंप्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, ती हवीच. पण ज्यांना आधीपासून येतं त्यांच्याकडून शिकून घ्यायची, ते लिहून ठेवायची सोय गावात कुठे आहे?

ती सोय तुमच्या हातात आहे. खण उघडा, वस्तू तिच्यापुढे ठेवा आणि ‘याला काय म्हणतात’ असं न विचारता ‘हे लावून दाखव’ म्हणा. मोबाईलचा कॅमेरा तेव्हा सुरू करा, तिच्या हातांवर. ती जे नाव घेईल, झाडीबोलीत घेईल तर तसंच, चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधा. खाली तिचं पूर्ण नाव लिहा. मग खुशाल इंग्रजी नाव शोधा.