बाळाच्या घासातली साखर

लहान मुलाची जीभ ही कोरी पाटी होय. तिच्यावर पहिले अक्षर आईने गिरवावे की कारखान्याने, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधील संस्थेने नेस्ले कंपनीच्या सेरेलॅकची देशोदेशीची तपासणी प्रसिद्ध केली. भारतात विकल्या जाणाऱ्या या शिशुआहाराच्या एका वेळच्या खाण्यात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली. जर्मनी व ब्रिटनमध्ये सहा महिन्यांच्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या गव्हाच्या सेरेलॅकमध्ये मात्र अशी साखर नव्हती. आम्ही त्या त्या देशाचे नियम पाळतो, असे कंपनीचे म्हणणे. हे उत्तरच आम्हांस अधिक झोंबते. आपल्या बाळांचे दात काय निराळ्या मातीचे घडले आहेत? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने परिष्कृत साखर नसलेले प्रकार भारतात आणण्याची घोषणा केली. म्हणजे साखरेवाचून हा आहार बनतो, हे तिनेच मान्य केले.

परंतु सारा दोष कंपनीच्या माथी मारून आपली सुटका नाही. २००३ साली दुरुस्त झालेला १९९२ चा कायदा दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा आहाराची जाहिरात करण्यास मनाई करतो. मग डब्याची कीर्ती घरोघर पोहोचवते कोण? आपणच! बाळंतिणीला भेटायला जाताना आपण डबा नेतो, आणि नाचणीचे सत्त्व गरिबाचे म्हणून नाक मुरडतो. त्याच नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

जुने ते सारे सोने, असेही आमचे म्हणणे नाही. पेजेच्या नुसत्या निवळीने बाळाचे पोट भरते, अंग भरत नाही. वर्षाच्या आत मध चाटवणे तर धोक्याचेच. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. पुढे ते चालू ठेवून चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट मऊ भात, शिजवून घोटलेली डाळ, भाजी, अंडे, काटे काढलेली मासळी.

नोकरी करणाऱ्या आईला हे कसे जमावे, असे विचारले जाते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवले की कित्येक दिवसांची सोय होते. आणि ती खीर ढवळायला बापाचे हात का चालू नयेत? डबा घ्यावाच लागला, तर पुढचे चित्र पाहू नका. मागे बारीक अक्षरांत साखर लिहिली आहे का, ते आधी वाचा.