संगणकाला झोपू द्या

सारखा बंद-चालू केला की संगणक लवकर बिघडतो, ही समजूत आपल्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांच्या लॅबमध्ये इतकी मुरली आहे की तिचे कारण आता कोणी विचारत नाही. कारण होते, पण ते जुन्या यंत्रांचे. पूर्वीच्या हार्ड डिस्कची तबकडी थांबली की वाचणारे टोक तिच्यावर टेकत असे आणि पुन्हा फिरायला लागताना थोडे घासले जाई. तरीही त्या काळच्या डिस्कसुद्धा साधारण ५०,००० वेळा बंद-चालू होतील असा हिशेब धरून बनवल्या जात. रोज पाच वेळा बंद केली तरी तो आकडा गाठायला २७ वर्षे लागतात. तोवर यंत्र केव्हाच भंगारात गेलेले असते. पुढे ते टोक तबकडीच्या बाजूला उतरवून ठेवण्याची सोय आली आणि आताच्या एसएसडीत तर फिरणारा भागच राहिलेला नाही. उलट रात्रंदिवस चालू ठेवलेल्या यंत्राचा पंखा विनाकारण फिरत राहतो, झिजतो आणि धूळ आत ओढतो.

दुसरी समजूत अशी की सुरू होतानाच जास्त वीज लागते, मग बंद करून फायदा काय? सुरू होताना क्षणभर प्रवाह उसळतो, हे खरे. पण मीटर क्षणाची उसळी मोजत नाही. किती वॅट किती वेळ वापरले ते मोजतो. सुरू होण्याच्या दोन मिनिटांत यंत्र रिकामे असतानाच्या दुप्पट वीज घेते असे धरले, तरी तो जादा खर्च यंत्र दोन मिनिटे रिकामे चालू ठेवण्याइतकाच झाला. म्हणजे जेवणाच्या सुट्टीतसुद्धा बंद करणे परवडते.

स्क्रीनसेव्हरचे तर वीज वाचवण्याशी कधीच नाते नव्हते. काचेच्या जाड मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिले की त्याचा डाग कायमचा उमटे, म्हणून पडद्यावर काहीतरी हलते ठेवत. आजच्या पडद्यामागचा दिवा स्क्रीनसेव्हर चालू असतानाही तसाच जळत राहतो, शिवाय ते चित्र हलवायला प्रोसेसर राबतो. नुसता मॉनिटर बंद करून घरी जाणाऱ्यांनीही टेबलाखालच्या सीपीयूकडे एकदा वाकून पाहावे.

हे आक्षेप तांत्रिक आहेत आणि तंत्रानेच मिटतात. त्याहून चिवट आक्षेप वेगळा आहे : एवढ्याशा यंत्राने असा काय फरक पडणार?

हिशेब करून पाहू. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. पावणेदहा ते सव्वासहा ही वेळ धरली, सणावाराच्या सुट्ट्या वजा केल्या, तर वर्षाचे कामाचे तास दोन हजारांच्या आसपास भरतात. वर्षात तास असतात ८,७६०. म्हणजे तीन-चतुर्थांशाहून अधिक वेळ त्या खुर्चीत कोणी नसते. शुक्रवारी संध्याकाळी चालू राहिलेला संगणक सोमवारी सकाळपर्यंत साडेत्रेसष्ट तास एका रिकाम्या खोलीसाठी जळतो. साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून काम नसताना ६० वॅट घेतात असे धरू. जुने याहून जास्त घेतात, नवे छोटे कमी. त्या ६,७६० तासांत एका टेबलावर ४०० युनिट वीज जाते. तोच संगणक त्या वेळात स्लीपमध्ये असता, दोन वॅटच्या हिशेबाने, १४ युनिटही लागली नसती. युनिटला दहा रुपये धरले तर एका टेबलामागे वर्षाला जवळजवळ चार हजार रुपये वाचतात. पन्नास टेबलांचे कार्यालय असेल तर दोन लाखांना थोडे कमी. हे पैसे करदात्याचे किंवा विद्यार्थ्यांच्या फीचे आहेत, आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी दहा हजार मागणाऱ्या शिक्षकाला आपण निधी नाही म्हणून परत पाठवतो, तेव्हा मला त्या रिकाम्या खोल्या आठवतात.

कॉलेजच्या लॅबचा हिशेब आणखी वाईट. चाळीस संगणक तासिका नसताना चालू राहिले की खोलीत २,४०० वॅटची उष्णता ओततात. दीड टनाच्या एसीची जवळपास निम्मी ताकद ती बाहेर काढण्यात खर्ची पडते. एकाच उधळपट्टीचे बिल दोनदा येते.

पैशापुढची गोष्ट कोळशाची. देशाच्या ग्रिडमधली एक युनिट वीज म्हणजे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. चारशे युनिटांचे २८० किलो झाले, तेही एका टेबलाचे. ही वीज चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी इथे कोळसा जाळून येते आणि तिला पाणीही लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे मराठवाड्याला सांगायला नको.

यावर हल्ली एक नवे उत्तर मिळते : आमच्या छतावर सोलर आहे. छतावर सोलर असणे चांगलेच. पण संगणक रिकामा चालतो तो मुख्यतः रात्री, आणि रात्री छतावरचे पॅनेल काहीच देत नाही. नेट मीटरिंगमुळे बिलात वजावट मिळते, म्हणून ती रात्रीची वीज सूर्याची ठरत नाही. तिच्यामागे बहुतांशी कोळशाची भट्टीच असते. दिवसा सौर वीज जसजशी वाढेल, तसतशी रात्रीची प्रत्येक युनिट अधिक मोलाची होणार आहे.

आणि डेटा सेंटरचे काय? ऐरोली-महापे पट्ट्यात सर्व्हरच्या इमारतींमागून इमारती उभ्या राहत असताना तुम्ही कारकुनाच्या टेबलावरचे साठ वॅट मोजता, असे विचारणारे असतात. प्रश्न रास्त आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण तिथला सर्व्हर मध्यरात्रीही कोणाचे तरी तिकीट काढत असतो, कोणाचा तरी निकाल दाखवत असतो. आपला रिकामा संगणक कोणाचेच काही करत नसतो. मोठ्याची उधळपट्टी दाखवून छोट्याची माफ होऊ लागली, तर जगात कोणालाच काही वाचवावे लागणार नाही.

आता ज्यांच्याविरुद्ध हा लेख आहे असे वाटेल, त्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने बोलतो. खिडकीवर रांग लागलेली असते आणि जुना पीसी उघडायला पाच-सात मिनिटे घेतो. अशा लिपिकाने तो बंद करू नये असे ठरवले तर दोष त्याचा नाही. एखाद्या पीसीला प्रिंटर जोडून तो सगळ्या विभागाला शेअर केलेला असतो. तो झोपला की सगळ्यांचे प्रिंट अडतात. अशा माणसांपुढे ‘वीज वाचवा’ची पट्टी चिकटवणे आणि १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, शपथ देणे यातून काहीही होत नाही. वर्षानुवर्षे आपण हेच करत आलो आहोत. माणसाच्या आठवणीवर सोपवलेली बचत कामाच्या गर्दीत टिकत नाही.

आणि ती माणसाच्या आठवणीवर सोपवायची गरजच नाही. संगणकाला आपणहून झोपता येते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार हे कमी वीज खाणाऱ्या यंत्रांचे चिन्ह सुरू केले तेव्हा त्यात पहिली नावे संगणक आणि मॉनिटरचीच होती. पुढच्याच वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारी खात्यांनी तसलेच संगणक घ्यावेत असा आदेश काढला. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून झोपण्या-उठण्याचे समान नियम ठरवले, आणि आजचा पीसी त्यांवरच चालतो. स्लीपमध्ये उघडी फाइल मेमरीत तशीच राहते आणि कळ दाबताच काही सेकंदांत समोर येते. रांगेतल्या माणसाला थांबावे लागत नाही. मध्येच वीज गेली तर, ही भीती आपल्याकडे साहजिक आहे. तिच्यासाठी हायब्रिड स्लीप आहे. त्यात तीच माहिती डिस्कवरही लिहून ठेवली जाते. रात्रीच्या अपडेटसाठी झोपलेले यंत्र नेटवर्कवरून उठवता येते, काम झाले की ते पुन्हा झोपते.

मग अडते कुठे? बसवणारा तंत्रज्ञ तक्रारी नकोत म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये स्लीपपुढे ‘नेव्हर’ करून जातो आणि ते पुढे कोणी उघडून पाहत नाही. म्हणून माझी मागणी कर्मचाऱ्यांकडे नाही, खरेदी करणाऱ्यांकडे आहे. दहा मिनिटांनी पडदा, अर्ध्या तासाने संगणक झोपेल, अशी मांडणी सर्व्हरवरून सगळ्या यंत्रांना एकदम लावावी. सर्व्हर, सीसीटीव्हीचे यंत्र, प्रिंटर सांभाळणारा पीसी यांची यादी करून त्यांना लेखी सूट द्यावी. बाकीचे यंत्र झोपत नसेल तर तो बिघाड मानावा, आणि बंद पडलेल्या कीबोर्डसारखाच तो वार्षिक देखभाल करारात दुरुस्त करून घ्यावा. रॅम किती आणि डिस्क किती हे निविदेत लिहिणाऱ्यांना ही अट घालायला एक ओळ पुरेल.