इच्छाशक्तीचे दुकानदार

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून हसणाऱ्यांनो, जरा थांबा! दिवसभर दोन काकड्यांवर काढून, घर निजल्यावर, चिवड्याचा डबा मी अंधारात उभ्याउभ्याच रिकामा केलेला आहे. झाकण वाजू नये म्हणून वर पदर धरून! दुसऱ्या दिवशी वर्गाला ‘संयम’ या विषयावर निबंध घातला (काय ही बाईंची हिंमत!) आणि स्वतःला शिक्षा म्हणून डबाच नेला नाही. रात्री पुन्हा तेच.

वजन उतरवून देणारे एक गृहस्थ भरपूर फी घेऊन म्हणाले, “बाई, तुमची इच्छाशक्ती दुबळी.” वा! अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. सदसद्विवेकाला स्मरून युद्धावर जाण्याचे नाकारणारी ही माणसे. निग्रहाला कमी कशी म्हणावी? तीच ताटे चाटू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली. बंधन सुटल्यावर काहीजण पोटाला तडस लागेतो खात, तरी भूक हटेना. त्यांनाही दुबळे म्हणणार काय? उपासमार विकायची तुम्ही, आणि तिच्यातून उसळलेल्या भुकेचे पाप गिऱ्हाइकाच्या माथी!

माझ्या वर्गातली एक मुलगी हल्ली मधल्या सुट्टीत डबा न उघडताच परत नेते. तिला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. आठवडाभर तिच्याशेजारी बसून मुकाट्याने माझी पोळीभाजी खाते आहे. काल तिने विचारले, “बाई, लोणचं घरचं का?”