पाच भाग आपले, पस्तीस भाग दुसऱ्यांचे

मे महिन्याच्या सुट्टीत दरवर्षी आम्ही आठ-दहा दिवस गावी जातो. यंदा मात्र एक कामगिरी घेऊन गेलो होतो. फुफीला समजावून मुंब्र्याला आणायचे. तिच्या थोरल्या मुलाचा कुवेतहून फोन आला होता, "तुम्ही शिक्षक आहात, अम्मी तुमचं ऐकते. सत्तरीला टेकलेल्या बाईनं एकटीनं घराचं काम काढावं, हे बरं दिसत नाही. उद्या काही झालं तर लोक आम्हाला काय म्हणतील?" आम्हालाही ते पटले होते. म्हणून मुलांचे वकीलपत्र घेऊन आम्ही फुफीच्या दारात उभे राहिलो.

फुफीचे घर मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या एका गावात आहे. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. वर ऐन आणि किंजळीचे वासे, त्यावर मंगलोरी कौले. फुफांच्या वडिलांनी ते बांधले. फुफा बोटीवर नोकरीला होते, त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. दोन मुलगे, एक कुवेतला, एक मुंब्र्याला. मुलगी लग्न होऊन महाडला. घरात फुफी एकटी.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा या घराची निम्मी कौले उडाली. त्या वेळी मिळतील तिथे पत्रे, उरलेल्या जागी ताडपत्री, अशी सोय केली. ती तात्पुरती सोय पुढची सगळी वर्षे चालली. गेल्या पावसाळ्यात फुफीने आपली खाट सात वेळा हलवली. आठव्यांदा हलवायला कोरडी जागाच उरली नाही. तेव्हा तिने ठरवले की रमजान ईद झाली की काम काढायचे आणि पावसाआधी संपवायचे. पैसे? काजूची बी विकली होती, थोडे साठवलेले होते आणि हातातली एक बांगडी मोडली.

आम्ही पोहोचलो तेव्हा माजघरावर आभाळ दिसत होते. फुफीचा सगळा संसार पडवीत आला होता. एक खाट, एक शेगडी, लोखंडी ट्रंक, आणि धूळ लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उंच फळीवर ठेवलेला कुराण शरीफ. आमचा चेहरा पाहून ती हसली. म्हणाली, "घाबरू नको. एका वेळी छपराचं एकच पाखं उघडायचं. एक उघडं असलं तरी दुसऱ्याखाली माणूस राहतो."

त्या आठ दिवसांत आम्ही तिची दिनचर्या पाहिली. फज्रची नमाज झाली की आदल्या दिवशीची माती-लाकडाचा भुसा झाडून काढायचा. सुतार नऊला येतो, त्याआधी आपले जेवण करून ठेवायचे, कारण नंतर शेगडीवर धूळ पडते. मग अंगणात बसून कौले निवडायची. प्रत्येक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने ठोकायचे. खणखणीत वाजले तर ते धड, बद्द वाजले तर आत चीर आहे. धड कौले सोडणाने घासून शेवाळ काढायचे. जरा कमी-जास्त असलेली लाकडांच्या खोपटीसाठी आणि फुटकी अंगणातल्या खड्ड्यात. तीन ढीग. दहाला आणि तीनला गड्यांचा चहा. संध्याकाळी हिशेबाची वही.

या कौलांचा इतिहासही आम्ही तिथेच तिला सांगितला. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि ही चपटी, खाचेची कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौले असत. फुफीने कौल उलटे करून मागचा छाप दाखवला आणि म्हणाली, "इतिहास राहू दे. आता हे मिळत नाही, एवढं सांग." ते खरे आहे. त्याच मापाचे कौल मिळाले नाही तर खाच बसत नाही आणि पाणी आत येते. म्हणून जुन्या, पाडलेल्या घरांची कौले शोधत ती तीन गावे फिरली होती.

सुताराचे म्हणणे होते, लोखंडी पाइप घाला आणि पत्रा टाका, दरवर्षीच्या शाकारणीची कटकट जाईल. त्यात तथ्य आहे. गावात शाकारणीला माणूस मिळत नाही आणि माकडे कौले फोडतात. पण फुफी ऐकेना. "मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी होते. आणि पावसात अजान सोड, शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही." शेवटी वाळवीने खाल्लेले चार वासे तेवढे बदलले. बाकीच्यांना काजूच्या टरफलाचे तेल, म्हणजे डिंबेल लावले. ते कातडीवर पडले तर भाजते. फुफीने हाताला पिशव्या बांधून स्वतः लावले.

भिंतीचेही एक शिकण्यासारखे आहे. वादळानंतर माजघराच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी सल्ल्याने सिमेंटचा गिलावा केला होता. तो दरवर्षी फुगून पडायचा. यंदाच्या गवंड्याने कारण सांगितले. मातीत बांधलेली जुनी भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आत कोंडते. गिलावा खरवडून चुन्याचा हात दिला. ज्यांची घरे जुन्या बांधणीची आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता अडचणींचेही सांगितले पाहिजे. एप्रिलमध्ये पहिला सुतार दुसरीकडे मोठे काम मिळाले म्हणून अर्धे पाखे उघडे टाकून निघून गेला. आठ दिवस फोन उचलला नाही. नेमका त्याच आठवड्यात रात्री वळीव आला. फुफी आणि शेजारच्या कुणब्यांच्या घरातली वहिनी, दोघींनी कंदील धरून ताडपत्री ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कौल सरकवायला फुफी एकटीच शिडीवर चढली आणि तिसऱ्या पायरीवरून घसरली. पाय मुरगळला. वहिनी दूध घेऊन येईपर्यंत पाऊण तास ती अंगणात पडून होती. कुवेतहून जो फोन आला, तो या बातमीवर आला होता. मुलाची काळजी खोटी नव्हती.

तिसऱ्या दिवशी इशाची नमाज झाल्यावर आम्ही विषय काढला. मुलांचे म्हणणे नीट मांडले. वय, पडणे, रात्रीची सोबत नाही, दवाखाना लांब. फुफीने सगळे ऐकून घेतले.

"मुंब्र्याला मी तीन महिने राहून आले," ती म्हणाली. "सून चांगली आहे. चहा आयता, जेवण आयतं. पण तिथं मी पाहुणी. पाहुण्याला कुणी विचारत नाही की हे भांडं कुठं ठेवू. इथं सुतारसुद्धा मला विचारल्याशिवाय खिळा मारत नाही."

"पण भीती नाही वाटत?"

"दिवसा नाही वाटत. सहाला सुतार हत्यारं आवरतो ना, तेव्हा वाटते."

एवढे खरे बोलणाऱ्या माणसापुढे वकिली चालत नाही. तरी आम्ही शेवटचा मुद्दा मांडला, जो मुलाने आवर्जून मांडायला सांगितला होता. तुझ्या मागे या घरात राहणार कोण? दुसऱ्यांच्या घरावर बांगडी कशाला मोडायची?

फुफी उठली आणि ट्रंकेतून हिशेबाची वही काढून आणली. ती उर्दू शाळेत शिकलेली, त्यामुळे वही उजवीकडून सुरू होते. सुताराची सही मात्र मराठीत. तिने शेवटचे पान उघडले. "तुझं गणित चांगलं आहे. फुफांच्या मागे या घराचे वाटे कसे पडतात, ते करून दे."

फुफांचे आईवडील आधीच वारले होते. त्यामुळे हिशेब सोपा होता. मुले असताना बीवीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. घराचे चाळीस भाग धरले तर फुफीचे पाच, दोन मुलांचे चौदा-चौदा आणि मुलीचे सात. आम्ही आकडे मांडले. बेरीज चाळीस.

फुफी म्हणाली, "म्हणजे पाच माझे आणि पस्तीस दुसऱ्यांचे. आपली वस्तू असती तर पडली तर पडली म्हटलं असतं. दुसऱ्यांचे पस्तीस भाग माझ्याकडे ठेवलेत, ते मी गळू कसे देऊ? ही अमानत आहे." थोडे थांबून म्हणाली, "आणि घर उभं आहे तोवर मुलीचे सात भाग आहेत. एकदा भिंती पडल्या की नुसती जागा राहील. मग सात कोण मोजणार?"

आम्ही गप्प झालो, कारण हा प्रश्न फक्त फुफीच्या घराचा नाही. आपल्या कितीतरी घरांत बहिणीचा हिस्सा नाकारला जात नाही, तो फक्त काढलाच जात नाही. "तुला लग्नात दिलंच की," म्हणतात आणि ती भावांचे मन मोडू नये म्हणून मान हलवते. घर पडके होते, जागा विकली जाते आणि हिशेब कुणी विचारत नाही. आमच्या स्वतःच्या घरीही आमच्या बहिणींचे भाग अजून कागदावर नाहीत. हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण न लिहिणे अधिक वाईट.

दुसऱ्या दिवशी फुफीबरोबर ग्रामपंचायतीत गेलो. घराच्या नोंदीत फुफांच्या नंतर फक्त थोरल्या मुलाचे नाव लागलेले होते. घरपट्टीची पावती ही कर भरल्याची पावती आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे खरे. पण उद्या वाद झाला तर पहिले बोट त्या नोंदीकडेच जाते. चौघांची नावे लावण्यासाठी अर्ज लिहिला आणि रात्री कुवेतला फोन लावला.

मुलगा दुखावला. "अम्मीला आमच्यावर भरवसा नाही का?" आम्ही म्हटले, "भरवसा आहे म्हणूनच आता लिहायचं. भांडण झाल्यावर लिहिलेला कागद वेगळा असतो." तो बराच वेळ बोलला नाही. मग "विचार करतो" म्हणून फोन ठेवला. चार दिवसांनी त्याने राहिलेल्या कौलांचे पैसे पाठवले. फुफीने ते वहीत त्याच्या नावाने जमा मांडले. अर्जावर मुंब्र्याच्या मुलाची सही अजून व्हायची आहे. ती होईल, अशी आशा आहे.

निघताना आम्ही फुफीला मुंब्र्याला चल म्हटले नाही. दोन गोष्टी मात्र कबूल करून घेतल्या. सुतार हजर नसताना शिडीवर पाय ठेवायचा नाही. आणि ओटीवरचा दिवा रोज सकाळी सातच्या आत बंद करायचा. सातला दिवा चालू दिसला तर वहिनी येऊन पाहील. वहिनीने ते आनंदाने मान्य केले. मुलगी दर पंधरवड्याला दोन दिवस येते आहे.

वाचकहो, तुमच्या गावीही असे एखादे घर असेल आणि त्यात एकटे राहून ते सांभाळणारी कुणी खाला, चाची, दादी असेल. "कशाला करतेस?" असे विचारण्याआधी सुट्टीत दोन दिवस जाऊन तिच्याबरोबर कौले निवडा. गाडीभाड्याइतके पैसे जातील, पण शिडी धरायला एक माणूस होईल. आणि परत येण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर वाटे मांडून या, बहिणींचे आधी.

फुफीच्या माजघरावर आता छप्पर आहे. जूनच्या पहिल्या सरीनंतर आम्ही फोन केला. म्हणाली, "एका जागी ठिबकतंय, चुलीजवळ. टोप ठेवलाय. सुताराला निरोप दिला आहे." खाट कुठे आहे, असे विचारले. म्हणाली, "जिथे होती तिथेच."