धुक्यातले दिवे
मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९६ साली भायखळ्याहून वाशीला गेला. कसारा घाटातले धुके मात्र आहे तिथेच आहे. पहाटेचा बाजार गाठायचा म्हणून पिकअपच्या टपावर घरच्या घरी जादा दिवे ठोकले जातात. पण धुक्यात उंचावरचा झोत उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो, समोरचाही दिपतो. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअर खेचतात. रिले-फ्यूज नसेल तर वायर पेटायला वेळ लागत नाही. दिवा बंपरपाशी, झोत खाली रस्त्यावर हवा. गाडीची मूळ रचना परस्पर बदलली तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. सरपंचांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावाच. माल उशिरा पोचला तर भाव पडेल. माणूसच पोचला नाही तर?