घर लिलावात गेलं, तरी कर्ज संपत नाही

आपल्या गोंदिया जिल्ह्यात छोट्या धंद्यासाठी घर गहाण ठेवून कर्ज काढणं नवं नाही. धंदा बसला की त्याच घरावर दुसरं कर्ज निघतं, पतसंस्थेचं किंवा फायनान्स कंपनीचं. मग हप्ते थकतात, लिलाव होतो आणि आपली माणसं म्हणतात, "घर गेलं, चला, हिशेब मिटला." कायदा तसं म्हणत नाही.

समजा, पहिल्या बँकेचे 11 लाख आणि दुसऱ्या कर्जाचे 6 लाख बाकी आहेत. लिलावात 13 लाख आले. त्यातून खर्चाचे 50 हजार आणि बँकेचे 11 लाख आधी वळते होतात, कारण तिचं गहाण आधीचं. उरलेले दीड लाख दुसऱ्याला. त्याचे राहिलेले साडेचार लाख माफ होत नाहीत. तारण संपलं, पण करारावरची सही कायम असते. फायनान्स कंपनी दिवाणी न्यायालयात जाऊ शकते, पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मागू शकते. पहिल्या बँकेचेही पैसे पुरले नाहीत, तर 2002 च्या सरफेसी कायद्याचं कलम 13(10) तिला बाकी वसूल करायला वाट देतं.

यात सर्वात जास्त भरडला जातो जामीनदार. मेहुणा, शेजारी, मशिदीतला साथीदार, कुणीतरी मुरव्वतीने सही करतो. करार कायदा 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

"नादारी जाहीर केली तर?" असंही विचारलं जातं. अमेरिकेत दिवाळखोरीनंतर दुसऱ्या गहाणाची वैयक्तिक जबाबदारी बहुतेक वेळा सुटते. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला सामान्य व्यक्तींचा भाग अजून लागू झालेला नाही. गोंदियात 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. त्यात तारण असलेल्या सावकाराचा घरावरचा हक्क शाबूत राहतो. न्यायालयाने कर्जदाराला मुक्त केलंच, तरी जामीनदार सुटत नाही.

मग करायचं काय? सरफेसीची नोटीस आली की 60 दिवस हातात असतात. ते रडण्यात घालवू नयेत. लेखी हरकत द्यावी; बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकरकमी तडजोडीची बोलणी दोन्ही सावकारांशी करावी आणि "पूर्ण व अंतिम" असं लेखी घ्यावं. ताब्याची कारवाई चुकीची वाटली तर 45 दिवसांत नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावानंतर हिशेबाची प्रत मागावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे मोफत मदत मिळते.

कर्ज लिहून ठेवा, अडचणीतल्याला मुदत द्या, हे दीन आपल्याला शिकवतो. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. पण जकात वाटताना आपण त्याला किती वेळा आठवतो? तो मागायला येत नाही, शरमेने घरात बसतो. आपल्या कमिट्यांनी येत्या रमजानमध्ये निदान अशा घरांची आणि त्यांच्या जामीनदारांची गुपचूप चौकशी करावी. आणि जुम्याच्या नमाजनंतर एखाद्या जाणत्या वकिलाला बोलवून, सही करण्याआधी काय वाचायचं, एवढं तरी समजावून घ्यावं.