नवऱ्याच्या सहीचा कायदा

१/ अत्याचार वा गुन्ह्याला बळी पडलेल्या स्थलांतरितांना अमेरिका ज्या सवलती देते, त्यांना ‘पळवाट’ म्हणण्याची तेथे प्रथा पडली आहे. असे म्हणणाऱ्यांनी १९८६ सालचा कायदा एकदा वाचावा.

२/ खोट्या लग्नांना आळा घालणे हा त्याचा हेतू. नवविवाहित परदेशी पत्नीला दोन वर्षांपुरते सशर्त ग्रीनकार्ड मिळू लागले. अट काढून घ्यायची तर पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करायचा. मुळात ग्रीनकार्डासाठी अर्ज करणे नवऱ्याच्याच मर्जीवर होते, आता दुसऱ्यांदाही त्याचीच सही. ‘पोलिसांना कळवलेस तर मायदेशी धाडीन’ ही धमकी त्यामुळे पोकळ राहिली नाही. सरकारनेच तिला वजन दिले होते.

३/ १९९० साली छळ सिद्ध करणाऱ्या पत्नीला संयुक्त अर्जातून सूट मिळाली. पण ज्या नवऱ्याने पहिला अर्जच केला नव्हता, त्याच्या बायकोचे काय? तिला १९९४ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या महिला अत्याचारविरोधी कायद्याने नागरिकाच्या वा ग्रीनकार्डधारकाच्या पीडित जोडीदाराला स्वतः अर्ज करण्याचा हक्क दिला. (नावात ‘महिला’ असले तरी पीडित पतीलाही तो आहे.) याला उपकार म्हणायचे? कायद्याने नवऱ्याच्या हाती दिलेली काठी कायद्यानेच अर्धीमुर्धी काढून घेतली, इतकेच.

४/ यू व्हिसाची कथा निराळी नाही. २००० साली तो संमत झाला, नियम यायला २००७ उजाडले. तपासाला साहाय्य केल्याचे पोलिसांचे वा तत्सम यंत्रणेचे प्रमाणपत्र हवे. आणि वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी व्हिसा केवळ १०,०००. प्रतीक्षायादी लाखाच्या पुढे गेली आहे. बनावट दरोडे घडवून हा व्हिसा मागणाऱ्यांवर खटले झाले, हे खरेच. परंतु त्यांच्या लबाडीची शिक्षा खऱ्या पीडितेने का भोगावी? खोटे चेक वटतात म्हणून कोणी बँका बंद करीत नाही.

५/ पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या एच-४ व्हिसावरील पत्नीला तर १९९४ चा हक्कही नाही, कारण तिचा नवरा नागरिक नाही, ग्रीनकार्डधारकही नाही. तिचे तेथील वास्तव्य त्याच्या एच-१बी वर टांगलेले. घटस्फोट झाला की एच-४ संपतो. अशा पीडितांना नोकरीचा परवाना देण्याची तरतूद २००५ च्या कायद्यातच आहे. प्रत्यक्ष अर्ज स्वीकारायला दशकाहून अधिक काळ लागला. त्या परवान्याने पगार मिळतो; ग्रीनकार्डाची वाट मात्र त्यातून निघत नाही.